मांडीखालची चिठ्ठी

महांतप्पा मापाडी माप धरून बसला की त्याच्याभोवतीची माणसं तोंडातला विडा गालात तसाच दाबून ठेवायची. आवाज नाकातून यायचा. "लाभ रंऽ लाभ. दोन रंऽ दोन. तीन रंऽ तीन." पहिल्या पायलीला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, ही मापाड्यांची रीत. दोनावर आवाज चढायचा, तीनावर उतरायचा, आणि वीस झाल्या की घशातून एक हुंकार यायचा, विहिरीत धोंडा पडल्यासारखा. ही नक्कल करायची तर नाक चिमटीत धरावं लागतं आणि मान डावीकडं कलती ठेवावी लागते. चन्नम्मामावशीला, म्हणजे त्याच्या बायकोला, मी करून दाखवली तेव्हा ती पदरात तोंड घालून हसली आणि मग म्हणाली, "मान उजवीकडं गं. डाव्या कानानं त्यास्नी ऐकू येत न्हाय."

आमचं गाव लोहाऱ्याहून तीन कोस, माकणीच्या अलीकडं. सोमवारी बाजार भरतो. चावडीसमोर आमचं किराणा दुकान, त्यामुळं गावात कोण कसं बोलतं हे मला दुकानाच्या उंबऱ्यावर बसल्या बसल्या पाठ होतं. वडिलांचं नाव शरणप्पा. ते म्हणायचे, गावात दोनच गोष्टींना कुणी हरकत घेत नाही, एक सूर्य उगवण्याला आणि दुसरी महांतप्पाच्या मोजणीला. चाळीस वर्षं तो मोजत होता. पितळी पायली त्याच्या बापाची, काठ घासून घासून सोन्यासारखा झालेला. एकदा गावचे मोठे जमीनदार आण्णासाहेब, त्यांच्या पेवावर, म्हणजे जमिनीतल्या धान्याच्या कोठारावर, एका पोत्यावरून भांडण झालं, तिघांनी तीन मापांनी पुन्हा मोजलं आणि तिघांचा आकडा शेवटी महांतप्पाच्या आकड्यावर येऊन बसला.

मापाड्यांत एक नेम होता. ज्याची मोजणी चार माणसांत चुकीची ठरली, त्यानं आपलं माप बसवण्णाच्या देवळात नेऊन पालथं घालायचं आणि पुन्हा धान्याला हात लावायचा नाही. महांतप्पाच्या चुलत्यानं तसं घातलं होतं. तो पुढं मरेपर्यंत दोरखंडं वळत बसला. महांतप्पाला ते बघत मोठं व्हावं लागलं, म्हणून तो मोजताना इकडंतिकडं बघायचा नाही.

आणखी एक सवय होती, ती सांगायलाच पाहिजे, कारण सगळं तिच्यावरच गेलं. डावा पाय मुडपून, उजवा गुडघा उभा करून तो गोणपाटावर बसायचा. नव्या राशीत हात घातला की पहिली मूठ मोजायची नाही, ती मुडपलेल्या मांडीखाली सारायची. ती देवाची. बाजार उठला की मांडीखालचं धान्य गोळा करून बसवण्णाला जायचं. हात आपोआप जायचा. त्याच्या डोक्याला त्याची खबरसुद्धा नसायची.

फसली तेराशे छप्पन्न साली, निजामाचं राज्य जायच्या वर्षदीड वर्ष आधी, लोहाऱ्याहून हुकूम आला की गावात पंचायत बसवायची, पाच पंच, आणि धारा, म्हणजे शेतसारा, भरणाऱ्यांनी ते निवडायचे. तोवर गावात निवड म्हणजे आण्णासाहेबांनी नाव घ्यायचं आणि बाकीच्यांनी मान हलवायची. आण्णासाहेब कधी मोठ्यानं बोलायचे नाहीत. वाक्य अर्ध्यावर सोडायचे, "आता ह्याचं असं आहे, की...", आणि भोवतीचे पाचसहा जण घाईघाईनं ते पुरं करायचे. चार पंच अशा अर्ध्या वाक्यांतच ठरून गेले. पाचवे स्वतः आण्णासाहेब, हे तर कुणी बोललंही नाही.

दगडोबा मात्र बोलला. हा मेंढरं राखणारा. तेरणेकाठच्या गायरानाला आण्णासाहेबांनी काटेरी कुंपण घातलं होतं आणि त्याच्या कळपाला पाण्यासाठी अर्धा कोस वळसा पडत होता. बोलायच्या आधी तो जिभेनं टक्क असा आवाज काढतो, माणसांशीसुद्धा, जणू समोर मेंढरंच उभी आहेत. टक्क करून त्यानं सांगितलं की पाचव्या जागंला म्या बी हाय. चावडीत कुणीतरी खोकलं. आण्णासाहेब म्हणाले, "हुकूम सरकारचा आहे, तेव्हा..." आणि ते वाक्य पुरं करायला त्या दिवशी जरा वेळ लागला.

मग लोहाऱ्याच्या तहसिलीतले पेशकारसाहेब आले. लाल रुमी टोपी, कानावर पेन्सिल, बोलणं दख्खनी. मराठी कळायची सगळी, पण बोलायचे नाहीत. गावाला लिहितावाचता येत नाही म्हटल्यावर त्यांनी तोड काढली. "हर आदमी कू एक चिंचोका देव. जिसकू चाहना, उसके घड़े में डालना. बस, खतम बात." लोक एकमेकांकडं बघून मिश्या चाचपायला लागले. साहेबाला वाटलं, सगळ्यांना पटलं. तेव्हा महांतप्पानं हात जोडून सांगितलं की साहेब, चिंचोके गावातल्या पोरी खेळायला वापरतात, दोनशे माणसांच्या घागरींत हजार निघतील. पेशकारांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि विचारलं, तुम कौन. मापाडी म्हटल्यावर म्हणाले, "तो गिनती तुमीच करो."

आण्णासाहेबांची माणसं म्हणाली चालतंय. दगडोबा टक्क करून म्हणाला, दुसरा कोण असता तर म्या नको म्हणालो असतो. दोन्ही बाजूंना पटलेली तेवढी एकच गोष्ट.

रविवारी निवडणूक झाली. चिंचोक्यांच्या जागी गोल शिक्का मारलेल्या चिठ्ठ्या. चावडीच्या आतल्या खोलीत दोन गाडगी, आण्णासाहेबांच्या गाडग्याच्या गळ्याला तांबडी चिंधी, दगडोबाच्या गाडग्याला घोंगडीचा तुकडा. एकेकानं आत जायचं, चिठ्ठी टाकून बाहेर यायचं. आत जाताना माणसं छाती काढून जात होती आणि बाहेर येताना चोरी केल्यासारखी येत होती, कारण आण्णासाहेब समोरच बाजेवर बसले होते आणि प्रत्येकाला कसं काय म्हणून विचारत होते. एकशे अठ्ठ्याहत्तर चिठ्ठ्या वाटल्या. त्यातल्या सगळ्या गाडग्यांत पडल्या नाहीत. रामलिंगतात्यानं त्याची घरी नेऊन देव्हाऱ्यात ठेवली, सरकारचा शिक्का आहे, पुढंमागं उपयोगी पडंल म्हणून. आणखी कुणीकुणी नेल्या असतील. महांतप्पानंही आपली चिठ्ठी टाकली. कुठल्या गाडग्यात, ते त्यानं चन्नम्मामावशीला आजतागायत सांगितलेलं नाही.

दुपार कलल्यावर चावडीच्या ओट्यावर मोजणी सुरू झाली. गावातले झाडून सगळे पुरुष पुढं, बाया आमच्या दुकानाच्या पायऱ्यांवर. महांतप्पानं गोणपाट अंथरलं, कपाळाला भस्म लावलं आणि बैठक मारली. पायली शेजारी ठेवली होती. चिठ्ठ्या मोजायला पायली कशाला, असं पेशकारांनी विचारलंसुद्धा. तो म्हणाला, शेजारी असली म्हणजे बरं वाटतं.

पहिलं गाडगं तांबड्या चिंधीचं. हात आत गेला, चिमटीत एक चिठ्ठी आली आणि हात सरळ मांडीकडं निघाला. पेशकारांनी झटकन पेन्सिलीनं मनगटावर टोकलं. "ये कां ले जा रहे, मियाँ?" महांतप्पा दचकला. कुणीतरी मागून सांगितलं, साहेब, ती देवाची मूठ. सगळे हसले, पेशकारही हसले, म्हणाले, आज देव का वोट नहीं है. महांतप्पा मात्र हसला नाही. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग त्यानं ती चिठ्ठी पुढं ठेवली आणि लाभ म्हटलं.

तांबड्या गाडग्यातून सत्त्याऐंशी निघाल्या.

दुसरं गाडगं पुढं ओढलं तेव्हा लोक इतके दाटले की ओट्यावर पाय ठेवायला जागा राहिली नाही. दगडोबा उभाच होता, काठीवर हनुवटी टेकून. पेशकार सत्त्याऐंशीचा आकडा वहीत उर्दूत लिहीत होते, आणि आण्णासाहेब त्यांना वाकून विचारत होते, की किती लिहिले, बरोबर लिहिले ना. "लाभ रंऽ लाभ." महांतप्पाचा आवाज सुरू झाला. चाळीसला माणसं कुजबुजायची थांबली. साठला आमच्या पायरीवरच्या बायांनीही बोलणं टाकलं. ऐंशी झाल्यावर त्याचा हुंकार आला, पण आधीच्यासारखा नाही, अर्धाच. पंच्याऐंशी. शहाऐंशी. सत्त्याऐंशी. हात गाडग्याच्या बुडाशी फिरला आणि रिकामा वर आला. त्यानं गाडगं उलटं करून सगळ्यांना दाखवलं.

बरोबरी.

दोन्ही बाजूंचे लोक एकदम बोलायला लागले आणि कुणाचंच ऐकू येईना. पेशकारांनी हात वर करून कायदा सांगितला की बरोबरी झाली तर दोन नावं टोपीत टाकायची आणि एक उचलायची. पण आधी नमाज. ते मागच्या अंगणात गेले. ज्याचं नशीब त्याची पंचायत, असं म्हणत लोक विड्या शिलगावायला लागले.

महांतप्पा उठू लागला आणि उठता उठता परत खाली बसला.

मी समोरून बघत होते. वडिलांनी पाण्याचा तांब्या पाठवला, तो त्यानं बसूनच घेतला आणि घोट न घेता खाली ठेवला. लोक म्हणाले, पाय अवघडला असंल. पाय अवघडला नव्हता. मुडपलेल्या मांडीला कागदाची कड टोचली होती.

पुढचं चन्नम्मामावशीनं सांगितलं, कारण त्यानं ते फक्त तिला सांगितलं, आणि तेही पुष्कळ दिवसांनी. पहिल्यांदा त्याला वाटलं, भास असंल. मग बोटानं चाचपलं. मग शिक्क्याचा उंचवटा लागला. पहिल्या गाडग्याला साहेबानं हात धरला होता. दुसऱ्याला साहेब लिहीत होते, कुणीच धरला नाही, आणि चाळीस वर्षांचा हात आपल्या वाटेनं जाऊन आला होता. म्हणजे दगडोबाच्या अठ्ठ्याऐंशी. गप्प बसलं तर टोपीतून काय निघंल ते निघंल, कदाचित दगडोबाचंच निघंल, आणि कुणालाच काही कळणार नाही. बोललं तर माप पालथं. आणि बोलूनही कोण विश्वास ठेवणार होतं? चिठ्ठी त्याच्या अंगाखाली सापडत होती. तिच्यावर कुणाचं नाव नव्हतं. कुठल्या गाडग्यातली ते सांगायला गावात एकच माणूस होता, आणि त्या माणसाची मोजणी आत्ताच चुकली होती.

"चुलता दिसला त्यास्नी," मावशी म्हणाली. "दोरखंड वळताना. म्हणले, हातच दिसले नुसते."

पेशकार परत आले. ओल्या हातांनी त्यांनी दोन कागद लिहिले, घडी घातली, रुमी टोपीत टाकले आणि टोपी हलवली. उचलायला लिहितावाचता न येणारं माणूस पाहिजे म्हटल्यावर आमच्या पायरीवरच्या गजराबाईला बोलावलं. ही विधवा, दोन एकर करडी-जवारी करते, बोलायला तिखट. ती पदर खोचून पुढं गेली, टोपीकडं बघून म्हणाली, ह्यात विंचू तर न्हाय ना, आणि हात आत घातला.

"थांबा."

आवाज नाकातून आला नव्हता. म्हणून तो कुणाचा ते आधी कळलंच नाही.

गजराबाईचा हात टोपीतच राहिला. महांतप्पानं मांडी उचलली, चिठ्ठी काढली आणि गोणपाटावर ठेवली. घामानं शिक्का पसरला होता.

"एक मोजायची ऱ्हायली," तो म्हणाला.

पेशकार खाली वाकले. चिठ्ठी उलटसुलट करून बघितली. शिक्का त्यांचाच होता. "किस घड़े की?"

"दुसऱ्या. दगडोबाच्या."

आण्णासाहेबांच्या बाजूला गलका उठला. आत्ताच कशी आठवली, किती मेंढरं मिळाली, असं कायबाय लोक म्हणाले. दगडोबानं जीभ टाळूला लावली, पण टक्क काही निघालं नाही. पेशकारांनी वहीवर हात आपटून सगळ्यांना गप्प केलं आणि पहिल्यांदाच मराठीत विचारलं, "तुला कसं ठाऊक?"

"पहिल्या गाडग्याला माजा हात तुमी धरलाव. समद्यांनी बघितलं. दुसऱ्याला कुणी धरला न्हाय."

"म्हणजे तुझी मोजणी चुकली."

महांतप्पानं शेजारच्या पायलीकडं बघितलं. तिच्या काठावर ऊन पडलं होतं.

"चुकली," तो म्हणाला.

"आणि चुकलेल्या माणसाचं मी खरं मानू?"

त्यानं दोन्ही तळवे गुडघ्यांवर उताणे ठेवले. "त्ये तुमी ठरवा, साहेब. चिठ्ठी कुटली, तेवडं म्या सांगितलं."

पेशकारांनी पेन्सिल कानावरून काढली, परत ठेवली. मग आण्णासाहेबांकडं वळले आणि विचारलं, आपका कोई ऐतराज?

आण्णासाहेब बाजेवरून उठले नव्हते. त्यांनी उपरण्यानं मान पुसली आणि नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, "आता माणूस म्हातारा झाला, की..."

कुणीच बोललं नाही.

ओट्यावर आणि खाली मिळून चाळीसपन्नास तरी कुळं उभी असतील. दरसाल त्यांचा वाटा आण्णासाहेबांच्या पेवात पडायचा आणि तो ह्याच माणसाच्या तोंडच्या आकड्यानं पडायचा. आज हा खोटं बोलतो असं आण्णासाहेबांनी म्हटलं, तर पेवावर तो कुठल्या साली खरं बोलला होता? हे कुणी उच्चारलं नाही. नुसते बघत राहिले. नेहमी वाक्य पुरं करणारे पाचसहा जणही आपापल्या वहाणांकडं बघायला लागले. माझे वडील एकदा खोकले.

शेवटी आण्णासाहेबांनी आपलं वाक्य आपणच पुरं केलं. "...की सवयीनं हात जातो. माझी हरकत नाही."

पेशकारांनी सत्त्याऐंशी खोडून अठ्ठ्याऐंशी लिहिले. गजराबाईनं टोपीतून हात काढला आणि आता ह्यो कागद टाकू का न्हेऊ म्हणून विचारलं. दगडोबा पाचवा पंच झाला आणि कुणी गुलाल उधळला नाही, कारण सगळे महांतप्पाकडं बघत होते. त्यानं गोणपाट झटकलं, पुन्हा झटकलं, त्यातून आणखी काही पडलं नाही. मग घडी घालून काखेत मारलं आणि पायली घेऊन घरी गेला.

रात्री तो जेवला नाही. मावशी कानडीत एन्री, एन्री, म्हणजे अहो, अहो, करून थकली. सकाळी, म्हणजे बाजाराच्या सोमवारी, त्यानं अंघोळ केली, भस्म लावलं आणि पायली बसवण्णाच्या देवळात नेऊन नंदीपुढं पालथी घातली. मग बाहेर पायरीवर येऊन बसला. हात कुठं ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. एकदा मांडीवर, एकदा पायरीवर, एकदा काखेत.

बाजार तर भरला. व्यापाऱ्यांनी घाईनं लोहाऱ्याहून बंडप्पा मापाड्याला आणलं. बंडप्पाचा आवाज खणखणीत, बांगड्या विकणाऱ्यासारखा, आणि माप कोरं करकरीत. तो बसला, त्यानं बाह्या सारल्या, चला म्हणाला. कुणी पोत्याचं तोंड सोडेना. वडिलांनी एकदोघांना विचारलं, तर म्हणाले, सुतळीची गाठ निघंना. इतक्या गाठी एकदम अडकलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. ऊन चढलं. बंडप्पानं दोनदा पाणी मागितलं.

शेवटी गजराबाई उठली. तिचं करडीचं एकच पोतं होतं आणि दिवस बुडायच्या आत तिला घर गाठायचं होतं. ती तरातरा देवळाकडं गेली, आणि तिच्यामागं आणखी दहाबारा जण, मीही. महांतप्पापुढं उभी राहून तिनं कमरेवर हात ठेवले.

"उटा की वो, अप्पा. किती येळ बसवताव?"

तो म्हणाला, माजी चूक झाली, बाई. नेम हाय. बंडप्पा चांगला माणूस हाय, त्याच्याकडनं मोजून घ्या.

"आसंल चांगला," गजराबाई म्हणाली. "पर तुमची चूक आमाला ठाव झाली. ह्याची अजून ठाव न्हाय."

मागं कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. महांतप्पा पायरीवरून उठला. पायली कुणी उचलून दिली नाही. ती त्याची त्यालाच सरळ करायची होती. तो आत गेला. आतून पितळ फरशीला घासल्याचा आवाज आला.

आण्णासाहेबांनी हरकत नाही म्हटलं होतं ते चावडीपुरतं. पेवावर त्यांनी महांतप्पाला पुन्हा कधी बोलावलं नाही. तिथं आता बंडप्पा मोजतो, आणि महांतप्पाचं निम्म्या वर्षाचं काम गेलं. मावशीनं दोन शेळ्या घेतल्या. दगडोबाचं गायरान अजून पंचायतीच्या कागदांत आहे, कुंपण निम्मंच निघालंय.

बाजारात मात्र तोच बसतो. फक्त आता नक्कल करायची तर लाभच्या आधी थोडं जास्तीचं करावं लागतं. राशीत हात घातला की पहिली मूठ तो सरळ मांडीकडं नेत नाही. डोक्यावर उंच धरतो, डावीकडून उजवीकडं सगळ्यांच्या डोळ्यांपुढून फिरवतो आणि नाकातून म्हणतो, "ही देवाचीऽ. बघून घ्या रंऽ."

आणि राशीभोवतीची माणसं, विडा गालात दाबलेला असतानाही, एका सुरात म्हणतात, "बघितलीऽ." तेव्हाच ती मूठ मांडीखाली जाते.